गणित साहित्य वर्गात पोहोचले, आकलनाचे काय?
बंगळुरूतील प्रयोगांचा अनुभव आणि प्राथमिक शिक्षणापुढील प्रश्न

प्राथमिक शाळेतील मुलांचे गणित कच्चे राहते, ही तक्रार जुनी आहे. गेल्या काही वर्षांत तिला आकडेवारीचा आधार मिळाला आहे. ग्रामीण भागातील मुलांची चाचणी घेणाऱ्या ‘असर’ अहवालानुसार, २०२४ मध्ये पाचवीतील केवळ ३०.७ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. २०२२ मध्ये हे प्रमाण २५.६ टक्के होते. म्हणजे सुधारणा झाली, तरी दर दहा मुलांपैकी जवळपास सात मुले अद्याप भागाकाराच्या अलीकडेच आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षणातही तिसरीच्या तुलनेत सहावीतील गणिताची कामगिरी लक्षणीयरीत्या खालावलेली दिसून आली.

इयत्ता वाढत जाते तशी मुले मागे का पडतात? या प्रश्नाचे उत्तर शोधताना बंगळुरू शहराकडे पाहणे उपयुक्त ठरते. गणित समजून शिकवण्याचे अनेक प्रयोग याच शहरातून सुरू झाले. त्यांच्या यशाइतक्याच त्यांच्या मर्यादाही बोलक्या आहेत.

आकलन म्हणजे काय?

बावन्नातून सत्तावीस वजा करा असे सांगितले, की अनेक मुले पस्तीस हे उत्तर लिहितात. यात निष्काळजीपणा नसतो. एकक स्थानी दोनातून सात जात नाहीत, म्हणून मूल सातातून दोन वजा करते आणि पाच लिहिते. दशक स्थानी पाचातून दोन वजा करून तीन लिहिते. त्याच्या दृष्टीने ५२ ही एक संख्या नसून शेजारी शेजारी लिहिलेले दोन अंक आहेत.

याच मुलाच्या हाती दहा-दहा काड्यांच्या पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या दिल्या, तर चित्र पालटते. सत्तावीस काड्या द्यायच्या असतील तर एक जुडी सोडावी लागेल, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. जुडी सोडली की चार जुड्या आणि बारा सुट्या काड्या उरतात. त्यातून दोन जुड्या आणि सात काड्या दिल्या की पंचवीस शिल्लक राहतात. परंतु आकलन येथे पूर्ण होत नाही. ही कृती मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगणे, तिचे चित्र काढणे आणि त्यानंतर तीच कृती अंकांत मांडणे आवश्यक असते. अनुभव, भाषा, चित्र आणि चिन्ह असा हा क्रम २०२२ च्या पायाभूत स्तरावरील राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही स्वीकारला आहे.

बंगळुरूचा अनुभव

बंगळुरूतील ‘अक्षरा फाउंडेशन’ ही संस्था २००० मध्ये स्थापन झाली. कर्नाटक शासनाच्या सहकार्याने तिने ‘गणित कलिका आंदोलन’ हा उपक्रम राबवला. चौथी आणि पाचवीच्या वर्गांसाठी दशमान ठोकळे, अपूर्णांकाच्या पट्ट्या, घड्याळ, खेळातील नोटा व नाणी अशा वस्तूंचा संच सरकारी शाळांना देण्यात आला आणि शिक्षकांना प्रशिक्षण मिळाले. ग्रामपंचायत स्तरावर गणित स्पर्धाही घेण्यात आल्या. आपल्या मुलाला काय येते, हे त्यामुळे पालकांना प्रत्यक्ष पाहता आले. शाळेची गुणवत्ता हा गावाच्या चर्चेचा विषय होणे, ही या उपक्रमाची जमेची बाजू होय.

मात्र पुढील निष्कर्ष अंतर्मुख करणारा आहे. कर्नाटकातील २९२ सरकारी शाळांत अर्थशास्त्रज्ञांनी या पद्धतीचा तुलनात्मक अभ्यास केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने शाळांची विभागणी करून मुलांची प्रगती तपासण्यात आली. वर्गांत कृतींचे प्रमाण वाढले, पण मुलांच्या गणित क्षमतेत अपेक्षित वाढ आढळली नाही.

यावरून साहित्य निरुपयोगी आहे असा अर्थ काढणे घाईचे ठरेल. हा निष्कर्ष एका उपक्रमाच्या मोठ्या प्रमाणावरील अंमलबजावणीपुरता आहे. तरीही साहित्य पुरवले, प्रशिक्षण दिले, आता आकलन आपोआप येईल, या समजुतीला त्याने धक्का दिला हे मान्य करावे लागेल. ठोकळे हाताळणारे मूल गुंतलेले दिसते. पण ठोकळ्यांची कृती आणि पाटीवरील वजाबाकी एकच आहे, हे त्याला उमगले की नाही, ते केवळ पाहून कळत नाही. ते विचारावे लागते. नेमकी हीच पायरी घाईत गाळली जाण्याचा धोका असतो.

शब्दांची अडचण

या संदर्भात मराठी वाचकांना २०१९ मधील वाद आठवेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणित पुस्तकात ‘एकवीस’ या शब्दासोबत ‘वीस एक’ असे संख्यावाचन देण्यात आले आणि विधिमंडळापर्यंत त्याचे पडसाद उमटले. त्या वेळी गणित विषयाच्या समितीची धुरा दिवंगत गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर यांच्याकडे होती. मुलांना संख्यांची भीती वाटू नये, ही त्यामागील भूमिका होती.

बंगळुरूतील कन्नड वर्गात हा प्रश्न उद्भवतच नाही. कन्नडमध्ये त्रेसष्टला ‘अरवत्तमूरु’ म्हणतात. ‘अरवत्तु’ म्हणजे साठ आणि ‘मूरु’ म्हणजे तीन. जसे लिहायचे, तसेच बोलायचे. मराठीत आधी तीन ऐकू येतात आणि नंतर साठ, तेही ‘सष्ट’ असे रूप बदलून. एकोणतीस ऐकताना तर मुलाच्या कानी तीस पडते आणि लिहायचे असतात दोन व नऊ. बेळगाव परिसरातील मराठी मुलांना या दोन्ही रीती ऐकायला मिळतात.

म्हणून एकोणतीस, त्रेसष्ट हे शब्द टाकून द्यावेत असे नव्हे. ते भाषेचे धन आहे. पण सहा जुड्या आणि तीन सुट्या काड्या पाहून मूल आधी ‘साठ आणि तीन’ म्हणाले, तर ती चूक नाही. ती आकलनाची पहिली पायरी आहे, एवढे शिक्षकांनी आणि पालकांनीही ओळखायला हवे.

बाजारातील हिशेब, वर्गातील गणित

‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने याच प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आणली. नोबेल विजेते अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांचा त्यात सहभाग होता. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुले गिऱ्हाइकांचे गुंतागुंतीचे हिशेब तोंडी करत होती, परंतु शाळेतील पद्धतीने मांडलेली साधी उदाहरणे त्यांना अडवत होती. उलट शाळेत जाणारी मुले बाजारातील व्यवहारात गोंधळत होती. व्यवहार आणि चिन्हे यांच्यातील पूल आपोआप बांधला जात नाही, तो शिक्षकाला बांधावा लागतो, हेच यातून स्पष्ट होते.

पुढे काय?

केंद्र शासनाने ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ अभियान सुरू करताना तिसरीपर्यंतच्या मुलांना मूलभूत वाचन व गणित आत्मसात व्हावे यासाठी २०२६-२७ हे लक्ष्यवर्ष निश्चित केले. अशा मुदती आवश्यक असतात. पण मुदतीच्या दडपणाखाली शिक्षक पाठांतराकडे वळण्याचा धोकाही असतो. एकाच शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतील, तर प्रत्येक मुलाला ‘हे तू कसे केलेस?’ असे विचारायला वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न संच वाटून सुटणारा नाही.

बंगळुरूतून मिळणारा धडा असा, की पुढील खर्च केवळ वस्तूंवर न होता शिक्षकाच्या तयारीवर व्हायला हवा. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या सहभागाने २०१२ पासून निघणाऱ्या ‘ॲट राइट अँगल्स’ या गणित नियतकालिकात प्राथमिक शिक्षकांसाठी विशेष पुरवणी दिली जाते. असे साहित्य मराठी शिक्षकांना त्यांच्या भाषेत नियमित मिळणे गरजेचे आहे. पाठ्यक्रमातील घटक थोडे कमी करून स्थानिक किंमत आणि अपूर्णांक यांना अधिक तासिका देता येतील. परीक्षेत उत्तराबरोबर कारण विचारणारा एक तरी प्रश्न असावा. कारण परीक्षेत जे विचारले जाते, तेच वर्गात शिकवले जाते.

पस्तीस हे उत्तर लिहिणाऱ्या मुलाच्या वहीवर लाल फुली मारायला क्षणभर पुरतो. त्याने असे का लिहिले, हे जाणून घ्यायला पाच मिनिटे लागतात. ही पाच मिनिटे शिक्षकाला उपलब्ध करून देणे, हीच या घडीला शिक्षण व्यवस्थेपुढील खरी कसोटी आहे.