विश्लेषण : स्त्री अभ्यासाच्या पदवीनंतर काम कुठे मिळते?

‘स्त्री अभ्यास शिकून पुढे काय करणार?’ प्रवेशाच्या दिवसांत हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. पण ‘काहीच नाही’ हे त्याचे उत्तर खरे नाही. काम आहे, दाराशी मात्र या पदवीचे नाव लिहिलेले नाही.

शिक्षण कुठे मिळते?

मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात १९७४ मध्ये देशातील पहिले स्त्री अभ्यास संशोधन केंद्र सुरू झाले. पुढे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि मुंबईतील टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतही या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले.

कायद्यांमुळे कोणती कामे निर्माण झाली?

* २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने संरक्षण अधिकारी हे पद आणले. पीडित महिलांसाठीच्या ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमध्ये समुपदेशक आणि केस वर्कर लागतात.
* २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. तिच्यावर बाहेरचा एक जाणकार सदस्य हवाच. कर्मचाऱ्यांसाठी कार्यशाळा घेणे हीदेखील मालकाची जबाबदारी आहे.

आणखी कोणते पर्याय?

महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम) आणि ‘उमेद’ अभियानाची बचत गटांची कामे, स्वयंसेवी संस्था, संशोधन, पत्रकारिता. स्त्री अभ्यास हा ‘नेट’ परीक्षेचा स्वतंत्र विषय असल्याने प्राध्यापकीचा मार्ग खुला आहे. यूपीएससी आणि एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेला तर कोणतीही पदवी चालते.

मग अडचण कुठे आहे?

समुपदेशकाच्या जाहिरातींत सहसा समाजकार्य, मानसशास्त्र किंवा विधी या पदव्या मागितल्या जातात. स्त्री अभ्यासाचा उल्लेख क्वचितच असतो. त्यातच बरीच पदे कंत्राटी, मानधनावरची. विद्यापीठांतील केंद्रेही निश्चिंत नाहीत. बारावी पंचवार्षिक योजना २०१७ मध्ये संपताना निधी पुढे मिळणार का, या चिंतेत देशभरातील केंद्रे होती.

काय करायला हवे?

विद्यार्थ्यांनी या पदवीला एका कौशल्याची जोड द्यावी : कायद्याचे शिक्षण, समुपदेशनाची पदविका, सर्वेक्षण आणि आकडेवारीचे काम किंवा अनुवाद. शिकतानाच एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम करावे. मात्र सगळा भार त्यांच्यावर टाकून चालणार नाही. संरक्षण अधिकारी, समुपदेशक, बचत गट समन्वयक अशा पदांच्या पात्रतेत राज्य सरकारने स्त्री अभ्यासाचा स्पष्ट समावेश करावा. त्यासाठी नवी योजना नको. भरतीचे नियम बदलले तरी पुरे.

हा प्रश्न केवळ पदवीधरांच्या पोटापाण्याचा नाही. मार खाऊन आलेल्या बाईला ‘इतकी वर्षे गप्प का राहिलात?’ असे विचारणारा माणूस समोर बसला, तर ती पुन्हा त्या केंद्राची पायरी चढत नाही. ती गप्प का राहिली, हे समजून घेण्याचेच शिक्षण ही पदवी देते. अशा माणसांना त्या खुर्चीपासून दूर ठेवणे कायद्यालाच परवडणारे नाही.