कॉलेजचे गेट एक, पण आत रांगा किती?

जून-जुलै उजाडला की शहाद्याच्या एस.टी. स्टँडचे रूप पालटते. धडगावकडून, म्हसावदकडून, तळोद्याकडून येणाऱ्या गाड्यांतून पोरे-पोरी उतरतात. हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत मार्कशीट, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि चार-सहा फोटो. कोणी पावरा, कोणी भिल्ल, कोणी मावची, कोणी कोकणी. तापीकाठच्या गावांतून गुजर पाटलांची मुले मोटारसायकलवर येतात. गावोगावच्या बौद्ध वस्तीतली येतात, मुस्लिम मोहल्ल्यातली येतात. घरात कोणी पावरी बोलतो, कोणी भिली, कोणी अहिराणी, कोणी गुजरी, कोणी हिंदी-उर्दू. कॉलेजच्या गेटातून आत शिरले की सगळ्यांची भाषा मराठी होते आणि आठ-पंधरा दिवसांत इंग्रजीची भीती सर्वांना सारखीच छळू लागते.

देशात अनेकतेत एकता आहे, हे भाषण आपण दर २६ जानेवारीला ऐकतो. ती अनेकता डोळ्यांनी पाहायची असेल तर दिल्लीला जायची गरज नाही, शहाद्याच्या कॉलेजच्या पटांगणात उभे राहावे. पण एकता? ती मात्र शोधावी लागते. हजेरीपटावर सगळी नावे एकाखाली एक असतात. मधली सुट्टी झाली की तीच नावे आपापल्या जातीच्या, आपापल्या पाड्याच्या, आपापल्या मोहल्ल्याच्या घोळक्यात निघून जातात. कॅन्टीनमध्ये पैसेवाल्यांचे टेबल वेगळे, झाडाखाली डबा उघडणाऱ्यांचा कोपरा वेगळा. तीन वर्षे एका वर्गात बसून एकमेकांच्या घराचा उंबरा न ओलांडलेली मुले पदवी घेऊन बाहेर पडतात. मग आमचा प्रश्न असा की, याला शिक्षण म्हणायचे की नुसती पदवीची वाटणी?

गेल्या पावसाळ्यात एक पावरा विद्यार्थी कोर्टात आमच्याकडे आला. वसतिगृहाच्या यादीत त्याचे नाव लागले नव्हते. भाड्याची खोली शोधत तो आणि त्याचा बौद्ध मित्र चार दिवस गल्लोगल्ली फिरले. घरावर पाटी होती, खोली रिकामी होती. पहिला प्रश्न ‘गाव कोणते?’, दुसरा ‘आडनाव काय?’ आणि तिसरे थेट उत्तर, ‘आम्हाला फॅमिलीला द्यायची आहे.’ दोघांनी आम्हाला विचारले, ‘सर, यावर केस होते का?’

वकील म्हणून आम्ही त्यांना खरे तेच सांगितले. नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ पासून आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला राहण्याच्या जागेपासून अडवणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा पुरावा मागतो आणि घरमालक ‘जात’ हा शब्द तोंडातून काढतच नाही. तो ‘फॅमिली’ म्हणतो, ‘व्हेजिटेरियन’ म्हणतो. शिवाय हा कायदा अस्पृश्यतेपुरता बोलतो, पावरा पोराच्या हाती त्यातून फारसे काही लागत नाही. जात आता साक्षीदारासमोर बोलत नाही, ती शहाणी झाली आहे!

ही गोष्ट ऐकताना आम्हाला बाबासाहेब आठवले नसते तरच नवल. १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथल्या लिव्हिंगस्टन हॉलमध्ये ते नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहिले. महाराचा मुलगा आणि पारशाचा मुलगा एका खोलीत! कोणी आडनाव विचारले नाही, कोणी भांडे वेगळे ठेवले नाही. ती मैत्री पुढे आयुष्यभर टिकली, अडचणीच्या काळात भथेनांनी बाबासाहेबांना पैशाची मदत केली. आणि १९१७ साली तेच बाबासाहेब बडोद्यात नोकरीसाठी आले तेव्हा काय झाले? साऱ्या बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव घेऊन ते एका पारशी धर्मशाळेत उतरले आणि काही दिवसांतच हातात काठ्या घेतलेल्या पारशी लोकांनी त्यांना तिथून हुसकावून लावले.

दोन्हीकडे पारशीच होते. न्यूयॉर्कच्या पारशाने खोली वाटून घेतली, बडोद्याच्या पारशांनी काठी उगारली. यातून आम्ही असा बोध घेतो की माणूस जन्मतः जातवादी नसतो, आजूबाजूची व्यवस्था त्याला तसा करते. कॉलेजची व्यवस्था बदलली तर तीच पोरे वेगळी वागतील. म्हणून दोष पोरांना देऊन चालणार नाही, व्यवस्थेला विचारावे लागेल.

ही व्यवस्था बदलण्याचे काम आपल्या महाराष्ट्रात झालेले आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात मराठा, जैन, मुस्लिम अशी एकेका समाजाची वसतिगृहे काढली, १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभे राहिले. त्या काळी एका छपराखाली सगळ्यांना आणणे अशक्य होते आणि शिक्षण तर थांबवता येत नव्हते, म्हणून ही वाट महाराजांनी काढली. पुढचे पाऊल कर्मवीर भाऊराव पाटलांनी टाकले. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी सर्व जातींच्या मुलांचे एकच वसतिगृह काढले. मुले एकत्र राबत, एकत्र स्वयंपाक करत, एका पंगतीत जेवत. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढले, जे पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. ही कॉलेजे त्यांनी फक्त महारांसाठी काढली नाहीत. तिथे सर्व जातिधर्मांचे विद्यार्थी आणि प्राध्यापक होते. ज्याला आयुष्यभर वर्गाबाहेर बसवले त्या माणसाने काढलेल्या कॉलेजचे दार सर्वांना उघडे होते, हे आपण कधी विसरता कामा नये.

शतक उलटले तरी आपण कोल्हापूरच्या पहिल्याच पायरीवर उभे आहोत. आदिवासी मुलगा आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहात, बौद्ध मुलगा समाजकल्याणच्या वसतिगृहात, पाटलाचा मुलगा घरी किंवा मोठ्या शहरात. वसतिगृहे हवीतच, ती बंद करा असे आम्ही चुकूनही म्हणणार नाही. त्यांच्याशिवाय सातपुड्यातले पोर शहाद्यापर्यंत पोहोचलेच नसते. जेवणाऐवजी खात्यात पैसे देण्याच्या धोरणाविरुद्ध जुलै २०१८ मध्ये आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते ते वसतिगृहाची किंमत कळत होती म्हणूनच. पण रात्री वेगळे राहणारे विद्यार्थी दिवसा एकत्र यावेत यासाठी कॉलेज काय करते, एवढे तरी विचारायला नको का?

शहाद्यात हा प्रश्न विचारायला खास कारण आहे. ही भूमी साधी नाही. इथे मालक आणि सालदार यांचे नाते पिढ्यान् पिढ्या चालले. १९७१ च्या पाटीलवाडी प्रकरणाने ते साऱ्या महाराष्ट्रासमोर आले. अंबरसिंग सुरतवंती यांनी भिल्लांना उभे केले, मुंबई-पुण्याकडची शिकलेली मुले-मुली त्यांच्या साथीला आली आणि १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली. जमीन, मजुरी आणि माणुसकी यांसाठी लढा झाला. अंबरसिंग १९७४ साली गेले. आज त्या मालकाचा नातू आणि त्या सालदाराची नात एका बाकावर बसण्याची वेळ आली आहे. ही छोटी क्रांती नाही. पण बाक एक झाला आणि मन दोन राहिले तर लढणाऱ्यांचे श्रम वाया गेले असेच म्हणावे लागेल.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे नंदुरबार जिल्ह्यात शंभरातले सुमारे ६९ लोक आदिवासी आहेत आणि साक्षरतेत हा जिल्हा राज्यात सर्वात खाली, ६४ टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे इथल्या कॉलेजात येणारी आदिवासी मुलगी बहुधा तिच्या घरातली पहिलीच. आणि या बहुसंख्येला कॉलेजमध्ये काय स्थान आहे? स्नेहसंमेलनात पावरा-भिल्ल मुलांना पारंपरिक वेशात नाचवले जाते, पाहुणे टाळ्या वाजवतात, फोटो छापून येतात. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा वर्गात अडखळत मराठी बोलला की मागच्या बाकावरून हसू येते. त्याचा ढोल चालतो, त्याची बोली चालत नाही! होळी हा सातपुड्याचा सर्वात मोठा सण. दिवाळीच्या सुट्टीबद्दल कोणी अर्ज करत नाही, ती आपोआप मिळते. होळीला गावी गेलेल्या पोराची चाचणी परीक्षा बुडाली तर त्याला मात्र ‘गैरहजर’ शेरा. घरचे लोक ऊसतोडीला गुजरातेत गेल्यावर लहान भावंडांकडे पाहायला थांबलेली मुलगी ‘अनियमित’ ठरते. भारतीय संविधानाच्या कलम २९ ने वेगळी भाषा, लिपी वा संस्कृती असलेल्या प्रत्येक नागरिक-गटाला ती जतन करण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क स्नेहसंमेलनाच्या एका रात्रीपुरता नाही.

याचे टोक कुठे जाते ते आपण पाहिले आहे. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादेत रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. पायल आपल्या खानदेशची, जळगावची, आदिवासी तडवी समाजातली. एवढे शिकून, डॉक्टर होऊनही जात तिच्या मागे कॅम्पसमध्ये आली, अशी तिच्या घरच्यांची तक्रार आहे. दोघांच्या मातांनी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. विद्यापीठ अनुदान आयोगाचे समता विनियम २०१२ पासून आहेत. प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष असावा, भेदभावविरोधी अधिकारी नेमावा, असे ते सांगतात. त्यांच्या जागी जानेवारी २०२६ मध्ये नवे विनियम निघाले, तर त्याच महिन्यात त्यांना स्थगिती मिळाली आणि न्यायालयाने २०१२ चेच लागू ठेवले. ठीक आहे, जुने तर जुने! पण आपल्या कॉलेजात हा अधिकारी कोण, हे किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? नाव कागदावर, कागद फाईलमध्ये, फाईल कपाटात.

आता थोडे आपल्याविषयी. दुसऱ्याकडे बोट दाखवताना आपल्याकडे वळलेली बोटे पाहण्याची शिकवण बुद्धाच्या मार्गाने दिली आहे. या जिल्ह्यात अनुसूचित जाती शेकडा तीनच्या आसपास. एवढ्या मूठभर लोकांनी एकटे राहून चालेल काय? १४ एप्रिलच्या मिरवणुकीत किती आदिवासी मित्रांना आपण मानाने बोलावतो? ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाला आपले किती तरुण जातात? सातपुड्याच्या पायथ्याशी जन्म काढून आपल्यापैकी कितीजणांना पावरीतली चार वाक्ये येतात? आपल्यातलेही काही शिकलेले लोक ‘डोंगरातले’ हा शब्द कोणत्या सुरात उच्चारतात ते आम्ही ऐकले आहे. जी पायरी आपल्या पाठीवर होती, तीच दुसऱ्याच्या पाठीवर ठेवायची असेल तर बाबासाहेबांचे नाव घेण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही. १९३७ साली बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्यास आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले. त्या आठवणीसाठी दर ३१ जुलैला खानदेशातून हजारो पावले तिकडे वळतात. पुढच्या ३१ जुलैला प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या वर्गातला एक वेगळ्या समाजाचा मित्र सोबत न्यावा. भाषणापेक्षा त्याने जास्त काम होईल.

आमच्या मागण्या मोठ्या खर्चाच्या नाहीत. एक, भेदभावविरोधी अधिकाऱ्याचे नाव आणि फोन नंबर कॉलेजच्या फलकावर, मराठीत, ठळक लावावा. दोन, होळीच्या आठवड्यात चाचणी परीक्षा ठेवू नये. तीन, प्रवेशानंतरचे पहिले दोन महिने पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांसाठी भाषेचा वर्ग घ्यावा आणि त्यात पावरी-भिली जाणणाऱ्या वरच्या वर्गातील मुलांची मदत घ्यावी. चार, वसतिगृहाबाहेर राहिलेल्यांसाठी कॉलेजने स्वतः घरमालकांशी बोलून खोल्यांची यादी करावी, म्हणजे आडनावाचा प्रश्न पोरांच्या वाट्याला येणार नाही. पाच, स्वाधार आणि स्वयं योजनेचे अर्ज भरून देण्यासाठी आपल्या कार्यकर्त्यांनी प्रवेशाच्या काळात एस.टी. स्टँडजवळ टेबल मांडावे आणि तिथे बौद्ध, पावरा, मुस्लिम असा भेद न करता प्रत्येकाचा अर्ज भरावा. या पाचव्या कामासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

संविधान सभेत बाबासाहेबांनी स्वातंत्र्य आणि समतेच्या जोडीने बंधुतेवर भर दिला. पहिल्या दोन गोष्टी कोर्टात मागता येतात. बंधुता कोणत्याही न्यायाधीशाला हुकूमनाम्याने देता येत नाही, हे आम्ही रोज काळा कोट घालून सांगतो आहोत. ती एका ताटात जेवल्याने, एकमेकांची बोली शिकल्याने, मित्राच्या पाड्यावर मुक्काम केल्याने येते. आमच्याकडे आलेल्या त्या दोघांना शेवटी एका रिटायर्ड शिक्षकाने खोली दिली. त्यांनी आडनाव विचारले नाही, फक्त विचारले, ‘अभ्यास कराल ना?’ दोघे आता एकाच स्टोव्हवर भाकरी भाजतात. अशा खोल्या शहाद्यात वाढवणे हेच आपले काम.

जयभीम!