गल्लीतला डॉक्टर आणि वस्तीतली ताई

गोवंडीच्या बैंगणवाडीत खोकला दोन-तीन आठवडे हटला नाही, तर माणूस आधी जातो कुठे? बहुधा सरकारी रुग्णालयात नाही, तर गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दवाखान्यात. तो संध्याकाळी उघडा असतो, त्यामुळे मजुरी बुडत नाही, आणि डॉक्टर घरातल्या सगळ्यांना ओळखतो. हा डॉक्टर बऱ्याचदा बीएएमएस, बीएचएमएस नाहीतर युनानीवाला. बडे तज्ज्ञ त्याच्याकडे बघून नाक मुरडतात. पण मुंबईतल्या कितीतरी क्षयरुग्णांची पहिली गाठ पडते ती त्याच्याशीच.

मे 2012 मध्ये केंद्राने खासगी डॉक्टरांना क्षयरुग्ण कळवणे सक्तीचे केले. आदेश निघाला, दवाखाने गप्पच राहिले. नाव कळवले की पेशंट पालिकेकडे जाणार आणि फी हातची जाणार, हा साधा व्यवहार आदेश काढणाऱ्यांच्या लक्षात आला नसावा. 2014 मध्ये पाथ ही संस्था आणि मुंबई महापालिका यांनी गेट्स फाउंडेशनच्या पैशावर नेमका हा व्यवहारच बदलला. पेशंट त्याच डॉक्टरकडे राहिला. तपासणी आणि गोळ्या मात्र व्हाउचरवर, ठरलेल्या लॅबमध्ये आणि खासगी केमिस्टकडे मोफत मिळू लागल्या. डॉक्टरने निदान करायचे, नोंद द्यायची. पाठपुरावा संस्थेच्या माणसांनी करायचा.

हा पाठपुरावाच खरा उपचार आहे, असे म्हटले तर डॉक्टरमंडळींना राग येईल. येऊ द्या. बाहेर रांग लागलेली असताना कुणाच्या घरी जाऊन गोळ्या मोजणे डॉक्टरला जमणारे नाही. सहा महिन्यांचा कोर्स दुसऱ्याच महिन्यात का सुटला, हे एक्स-रेत दिसत नाही. बरे वाटले म्हणून सुटला असेल, सुटी मागितली तर काम जाईल म्हणून, किंवा सुनेला क्षय झाल्याचे शेजारी कळू नये म्हणून. हे ठाऊक असते ते त्याच वस्तीतल्या बाईला.

जामखेडला हे पन्नास वर्षांपूर्वी उमगले होते. वेल्लोरला शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 मध्ये तिथे आले आणि गुरांच्या एका पडक्या दवाखान्यात त्यांनी काम सुरू केले. आधी गावोगावी नर्स ठेवून पाहिल्या, त्या टिकेनात. मग गावाने आपल्यातल्याच बाया निवडल्या. त्यांतल्या कित्येक निरक्षर, कित्येक दलित. आठवड्याला जामखेडला यायचे, शिकायचे आणि परत जाऊन बाळंतपणे, जुलाब, लसी बघायच्या. मागे शेतकरी मंडळ आणि महिला मंडळ उभे. आरोळ्यांनी बोअर दलित वस्तीत पाडायला लावल्या. ज्यांची सावली चालत नव्हती, त्यांच्या दारात बाकीच्या गावाला घागर घेऊन यावे लागले. औषधाच्या कुठल्याही पेटीत न मावणारी ही आरोग्यसेवा.

आज संस्था आणि डॉक्टर एकत्र आले म्हणजे बऱ्याचदा होते ते शिबिर. मंडप, बॅनर, पाहुण्यांचा सत्कार, शंभर-दोनशे जणांचे बीपी. ज्या बाईची साखर तीनशेवर निघाली तिचे पुढे काय झाले, हे विचारायला दुसऱ्या दिवशी मांडववाल्याशिवाय कुणी उरत नाही.

मुंबईतल्या त्या प्रयोगाची पद्धत पुढे राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाने उचलली. खासगी डॉक्टरला नोंदीचे पाचशे आणि उपचाराचा निकाल कळवल्यावर आणखी पाचशे रुपये देण्याची तरतूद झाली. हे चांगलेच आहे. पण दारोदार फिरणारी ताई बहुतेक वेळा कंत्राटावरच असते. प्रकल्प संपला की ती घरी, आणि तिच्याबरोबर तिची सगळी माहितीही. पालिकेने 2022 मध्ये ‘आपला दवाखाना’ सुरू केला, संध्याकाळीही उघडा ठेवला. आता प्रत्येक दवाखान्यामागे वस्तीतली निदान एक कार्यकर्ती कायम पगारावर घ्यावी, तिचे नाव तिथल्या महिला मंडळाकडून मागवावे, गल्लीतले खासगी दवाखानेही तिच्या फेरीत धरावेत. आणि तिचा पगार देणगीच्या चेकवर न ठेवता पालिकेच्या अर्थसंकल्पातून द्यावा.