नटवलेली वही

कोलकात्यात पुरुषोत्तम लाल यांनी १९५८ साली सुरू केलेल्या ‘रायटर्स वर्कशॉप’ची पुस्तकं हातमागाच्या साडीच्या कापडात बांधलेली असत आणि त्यांच्यावर लालांच्याच हातची सुलेखनातली अक्षरं असत. कापड आणि अक्षर एवढ्यावर मुखपृष्ठ उभं राहत असे. वह्या-डायऱ्यांची मुखपृष्ठं कापड, जुने कागद, दोरे, रंग एकत्र आणून सजवण्याचा छंद आज वाढतो आहे. त्याने या पुस्तकांकडून एक गोष्ट जरूर घ्यावी, ती म्हणजे सजावट बांधणीतूनच उगवली पाहिजे. पुठ्ठा आणि पाठ यांच्यामधली खाच हा वहीचा सांधा. तिथे रंगाचा जाड थर दिला की वही दोन-चारदा उघडताच तो तडकतो. तिथे नुसतं कापड ठेवावं आणि हौस पुठ्ठ्यावर भागवावी. कापड चिकटवायला पिठाची खळ वापरणारे बाइंडर तिच्यात मोरचूद घालत, कारण पिठाला कसर लागते. चिकटवायला आणि रंगवायला ॲक्रिलिक वापरलं तर ती भीती नाही, पण उन्हाळ्यात अशा दोन वह्या एकमेकींना चिकटतात. म्हणून वरून मेणाचा पातळ हात द्यावा.

इतक्या नटवलेल्या वहीत लिहायला हात धजत नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो खराच आहे, पण दोष सजावटीचा नाही, नाजूकपणाचा आहे. टिकल्या-मणी ओरखडतात, पिशवीत अडकतात. उलट घट्ट चिकटवलेलं सुती कापड हाताळून मऊ होत जातं, डाग पडला तरी शोभतं. अशी वही लिहिणाऱ्याला अडवत नाही.