भूक नाही, तरी जेवायचे

या सदरात एरवी शब्दांची उठाठेव चालते. दिवाळी अंकासाठी पोटाचा विषय घेतला म्हणून वाचकांनी दचकू नये. कारण ही गोष्टही अखेर एका शब्दाचीच आहे. तो शब्द म्हणजे भूक.

आपल्याकडे भूक लागते, खवळते, भागते आणि कधी मरतेही. ‘अन्नावरची वासना उडाली’ हे वाक्य आजवर आजाऱ्याच्या उशाशीच बोलले जाई आणि ते ऐकून घरातल्यांचे चेहरे उतरत. आता ती वासना उडावी म्हणून माणसे आठवड्यातून एकदा सुई टोचून घेतात आणि ती उडाली की आनंदाने पेढे वाटतात. स्वतः खात नाहीत, एवढेच.

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड ही त्या औषधांची नावे. मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जून २०२५ मध्ये वेगोव्ही आपल्या बाजारात आली. जेवल्यावर आतड्यातून जी संप्रेरके स्रवतात, त्यांची ही औषधे नक्कल करतात. जठर सावकाश रिकामे होते, पोट भरल्याचा निरोप मेंदूला लवकर पोहोचतो आणि रक्तातली साखरही आटोक्यात येते. हा ‘पी हळद आणि हो गोरी’ असा प्रकार नव्हे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, आहार-व्यायामाच्या सल्ल्याच्या जोडीने सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्क्यांनी उतरले. ज्यांचे गुडघे, हृदय आणि झोप वजनाखाली दबली आहे, त्यांना हे वरदानच वाटेल, आणि त्यांना हसण्याचा अधिकार कोणालाही नाही.

मग तक्रार कशाची? तक्रार आहे ती एका समजुतीची. भूक गेली म्हणजे जेवणाचे कामही संपले, ही ती समजूत. औषध भूक नेते. शरीराची गरज नेत नाही.

आमचे एक सहकारी आठ महिन्यांत चौदा किलोंनी उतरले. जो तो अभिनंदन करी. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी दोन घास भात, रात्री पेलाभर ताक, एवढ्यावर त्यांचे भागे. त्यांच्या घरी गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, यांच्यासाठी स्वयंपाक करावासाच वाटत नाही हो.” पुढे एके दिवशी वर्गात पडलेला खडू उचलायला ते वाकले आणि टेबल धरल्यावाचून त्यांना उठता येईना. डॉक्टरांनी त्यांचा उतरलेला आकडा पाहिला, पण कौतुक केले नाही. पहिला प्रश्न विचारला, “दिवसभरात खाता काय?”

प्रश्न नेमका होता. वजन उतरते तेव्हा एकटी चरबीच उतरते असे नाही. वर सांगितलेल्या चाचणीत काही जणांच्या शरीराची मोजणी झाली. त्यांच्या घटलेल्या वजनात सुमारे चाळीस टक्के वाटा चरबीखेरीज इतर भागाचा होता. त्यात पाणीही येते, पण स्नायूही येतात. आपल्याकडे तर स्नायूंची शिल्लक मुळातच बेताची. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवून दिले, की पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळे इंग्लंडमधल्या बाळांहून वजनाने बरीच कमी असली, तरी त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून असते. उणे असतात ते स्नायू. ज्याच्या गाठीला थोडे आहे, त्याने ते जपून खर्चावे.

जपायचे कसे? आपल्याकडे प्रौढाला किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी धरतात. ही औषधे घेऊन वजन उतरत असताना जाणकार १.२ ते १.६ ग्रॅम सुचवतात. हिशेबाला कोणते वजन धरायचे ते डॉक्टरांना विचारावे, आणि मूत्रपिंडाचा विकार असेल त्याने तर विचारल्याशिवाय हा आकडा वाढवूच नये. एका अंड्यात सहा ग्रॅम, मूठभर कोरड्या डाळीत सुमारे सात, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, तेवढ्याच बांगड्यात वीसच्या आसपास. आपले पातळ वरण या हिशेबात फारसे टिकत नाही. त्यातली डाळ शोधावी लागते.

म्हणून ताटाचा क्रम बदलावा. उसळ, घट्ट आमटी, दही, अंडे किंवा मासळी आधी, मग भाजी, भात-पोळी शेवटी. दोन घासांतच पोट भरणार असेल, तर ते दोन घास कामाचे हवेत. दोनदा पोटभर जेवण्याऐवजी चार-पाच वेळा थोडेथोडे खावे. पाण्याची आठवण ठेवावी, कारण मळमळीत तेही राहून जाते. बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून भाज्या आणि फळे हवीत. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठण्या-बसण्यासारखा ताकदीचा व्यायाम हवा, कारण नुसत्या खाण्याने स्नायू टिकत नाहीत. उलट्या थांबत नसतील, किंवा मधुमेहाच्या इतर गोळ्या वा इन्सुलिन चालू असताना घाम येऊन हातपाय कापू लागले, तर डॉक्टरांना ताबडतोब कळवावे. आणि औषध मनाने बंद करू नये. ते थांबवल्यावर वर्षभरात, उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आल्याचे त्याच चाचणीतल्या लोकांत दिसले.

आता दिवाळी आहे. आपल्याकडे प्रेम बोलून दाखवत नाहीत, वाढून दाखवतात. ‘माझ्या हातची एक तरी करंजी’ या आग्रहापुढे भल्याभल्यांची मात्रा चालत नाही. पण ज्याचे जठर सावकाश रिकामे होते, त्याच्या पोटात तळलेली चकली तासन्‌तास ठाण मांडून बसते आणि मळमळ वाढवते. त्याने ‘नको’ म्हटले तर तो रुसवा समजू नये, आणि ‘भूक नाही’ म्हटले म्हणून त्याला उपाशीही उठू देऊ नये. अर्धी करंजी चवीला जरूर द्यावी. त्याआधी मात्र वाटीभर मटकीची उसळ पुढे करावी.

आग्रह आपल्या रक्तातच आहे. तो सोडा असे कोण म्हणणार? यंदा तो उसळीचा करावा.