हेल्मेट नको म्हणणाऱ्यांनो, खड्ड्यांसाठी केव्हा उतरणार?

पुणे शहरातील तमाम दुचाकीस्वार बंधू-भगिनींनो,

चौकात मामांनी हेल्मेटसाठी गाड्या अडवायला सुरुवात केली की दुसऱ्या दिवसापासून या शहरात एकच वाक्य ऐकू येते : 'आधी रस्ते नीट करा, मग हेल्मेटचे बघू.' वाचकांच्या पत्रव्यवहारात तेच, कट्ट्यावर तेच, सोसायटीच्या ग्रुपवर तेच. हे पत्रक त्या एका वाक्यासाठी काढले आहे. त्याचा पहिला अर्धा भाग शंभर टक्के खरा आहे. रस्ते नीट झालेच पाहिजेत. आमची तक्रार अशी की ही खरी मागणी आपण दुसऱ्या अर्ध्या भागापुरतीच वापरतो. हेल्मेटची कारवाई सुरू झाली की रस्ते आठवतात, कारवाई थांबली की रस्तेही विसरतात.

२०१९ साल आठवा. १ जानेवारीपासून पुणे पोलिसांनी हेल्मेटची कारवाई कडक केली. लगोलग विरोधासाठी कृती समिती उभी राहिली. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष एका बाजूला आले. डोक्यावर काहीही न घालता दुचाकींची फेरी निघाली. जूनमध्ये शहरातल्या आमदारांनी थेट मुख्यमंत्र्यांकडे गाऱ्हाणे घातले आणि रस्त्यात अडवून होणारी कारवाई ढिली पडली. आंदोलन जिंकले. पण मागणी जर 'आधी रस्ते' अशी होती, तर त्या दिवशी ती पुरी झाली होती का? सिंहगड रस्ता सुधारला होता का? कात्रज-कोंढवा रस्ता सुरक्षित झाला होता का? नवले पुलाच्या उतारावरची माणसे मरायची थांबली होती का? यातले काहीही झाले नव्हते. तरी समाधानाने सगळे घरी गेले.

खड्ड्यांविरुद्ध पुण्यात कोणी बोलतच नाही, असे आम्ही म्हणत नाही. पावसाळ्यात खड्ड्यांत रोपे लावली जातात, फोटो छापून येतात, काही कार्यकर्ते वर्षानुवर्षे महापालिकेत खेटे घालतात. त्यांना आमचा नमस्कार. पण हेल्मेटच्या विरोधात व्यापारी, नोकरदार, नगरसेवक, आमदार यांची जी एकी दोन दिवसांत होते, ती खड्ड्यांसाठी आम्हाला कधी दिसली नाही. मुख्यमंत्र्यांपर्यंत जायची ताकद या शहरात आहे, हे २०१९ ने सिद्ध केले. ती ताकद खर्च कशावर झाली? डोके उघडे ठेवण्याच्या सवलतीवर.

आता त्याच वर्षाची दुसरी गोष्ट ऐका. १ सप्टेंबर २०१९ पासून देशात मोटार वाहन कायद्यातली दुरुस्ती लागू झाली. हेल्मेट नसल्याचा दंड शंभरावरून हजारावर गेला आणि गदारोळ झाला. गुजरातने दंड निम्म्यावर आणला. आपल्या तेव्हाच्या परिवहनमंत्र्यांनी केंद्राला पत्र लिहून महाराष्ट्रात अंमलबजावणीच रोखून धरली. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये वाढीव दंड आपल्याकडे आले, तेही हेल्मेटपुरते पाचशे रुपयांवर. दंडाचे हे कोष्टक प्रत्येकाला पाठ आहे. व्हॉट्सॲपवर ते अजूनही फिरते.

त्या कोष्टकाच्या शेजारीच, त्याच दुरुस्तीत, १९८-अ नावाचे एक कलम आले. रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या निकषांप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे माणूस मेला किंवा अपंग झाला, तर जबाबदार यंत्रणा, ठेकेदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नागरिकाच्या हातात दिलेले कलम आहे हे. 'आधी रस्ते नीट करा' म्हणणाऱ्याला कायद्याने दिलेले उत्तर आहे. एक लाखाची मर्यादा फारच तोकडी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. कोट्यवधींच्या ठेक्यात ती रक्कम जाणवणारही नाही. मग ती वाढवा म्हणून मोर्चा काढायला हवा होता. पाचशे रुपयांच्या पावतीसाठी आपण आकाशपाताळ एक केले आणि ठेकेदाराला लागू होणाऱ्या कलमाचे नावही घेतले नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये तर मुंबई उच्च न्यायालयाने आणखी मोठे दार उघडले. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना सहा लाख रुपये, जखमींना पन्नास हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यावी लागेल, असे न्यायालयाने सांगितले आणि दोषी अधिकारी व ठेकेदारांकडून ती वसूल करण्याची वाटही मोकळी ठेवली. रस्त्यांसाठी लढायचे आहे त्याला आता हत्याराची वाण नाही. उदाहरणाचीही नाही. जंगली महाराज रस्ता १९७० च्या दशकात दहा वर्षांच्या हमीवर बांधून घेतला गेला आणि त्यानंतर कित्येक दशके त्याला खड्डा माहीत नव्हता. या शहरात असा रस्ता होऊ शकतो, हे आपण रोज त्यावरून जात असताना पाहिले आहे. मग प्रत्येक नव्या रस्त्याचा ठेकेदार कोण, हमी किती वर्षांची, ती कधी संपते, हे त्या रस्त्याच्या तोंडाशी फलकावर लिहा, अशी मागणी घेऊन किती जण क्षेत्रीय कार्यालयात गेले?

आता हेल्मेटकडे वळू, कारण रस्त्याच्या मुद्द्याने हेल्मेटचा मुद्दा कटतो हे आम्हाला मुळीच मान्य नाही. रस्ता खराब असेल तर दुचाकी पडण्याची शक्यता वाढते. चारचाकीला खड्ड्यात दणका बसतो. दुचाकीवरचा माणूस हवेत जातो. म्हणजे रस्ते जितके वाईट तितकी हेल्मेटची गरज जास्त. 'रस्ते वाईट आहेत म्हणून हेल्मेट घालणार नाही' या वाक्यात महापालिकेच्या पापाची शिक्षा आपण स्वतःच्या डोक्याला देतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ चा अहवाल सांगतो की त्या वर्षी देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. महाराष्ट्रात १५,२२४. देशातल्या मृतांपैकी ७४,८९७ दुचाकीवरचे होते, आणि ५०,०२९ मृतांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. त्यांतले ३५,६९२ गाडी चालवणारे आणि १४,३३७ मागे बसलेले. हे सगळे हेल्मेटने वाचले असते असा दावा आम्ही करत नाही. ट्रकखाली गेलेल्याला हेल्मेट वाचवत नाही. त्याच अहवालात खड्ड्यांमुळे झालेल्या मृत्यूंची नोंद १,८५६ आहे. हा आकडा प्रत्यक्षाहून कमी असावा अशी आमची खात्री आहे, कारण अपघाताचे कारण लिहिताना चालकाचा 'भरधाव वेग' लिहिणे सोपे असते आणि खड्डा लिहिला तर सरकारी खात्याकडे बोट जाते. नोंद खरी व्हावी, यासाठीही भांडले पाहिजे. पण खड्ड्यांचा आकडा कितीही पट धरा, पन्नास हजार उघड्या डोक्यांचा हिशेब त्याने पुसला जात नाही.

'शहरात कुठे एवढा वेग असतो?' हा या शहरातला सर्वांत लाडका युक्तिवाद. दुचाकीवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर असते. गाडी अगदी उभी असताना तो नुसता बाजूला कोसळला, तरी डोके जमिनीला टेकते तेव्हा त्याचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास असतो. लक्ष्मी रस्त्यावरच्या गर्दीत, सिग्नलला पाय टेकताना, सांडलेल्या वाळूवर चाक घसरून पडलात तरी हा वेग चुकत नाही. आणि ताशी चाळीसने जाताना डोके समोर कशावर आदळले, तर तो धक्का सहा मीटरवरून, म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून डोक्यावर पडण्याइतका असतो. चाळीसचा वेग कर्वे रस्त्यावर कोणाला वेग वाटतो?

हेल्मेट काय करते हेही नीट समजून घेऊ. बाहेरचे कठीण कवच धक्का एका जागी न ठेवता पसरवते. आतला थर्मोकोलचा थर स्वतः चेपतो आणि डोके थांबायला क्षणाचा काही अंश जास्त वेळ देतो. मेंदू कवटीवर आतून आदळतो, तो त्या अंशात हळू आदळतो. एवढ्यावर माणूस जगतो. म्हणून एकदा जोरात आदळलेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले तरी टाकून द्यावे लागते. म्हणूनच आत थर नसलेली टोपीसारखी टोपरी निरुपयोगी आहे. जून २०२१ पासून आयएसआय चिन्ह नसलेले हेल्मेट विकणे बेकायदा आहे, तरीही ती रस्त्याच्या कडेला उघड विकली जातात. दुचाकीस्वाराला अडवणाऱ्या पोलिसांनी त्या ढिगाकडेही पाहिले पाहिजे. आणि पट्टा! कायद्यात पट्टा बांधलेलेच हेल्मेट धरले आहे. हनुवटीखाली न बांधलेले हेल्मेट माणसाच्या आधी उडून जाते.

मानेचे दुखणे, केस गळणे, हॉर्न ऐकू न येणे ही गाऱ्हाणी आम्ही रोज ऐकतो. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २००८ मध्ये निष्कर्ष काढला की हेल्मेटने मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो. मानेची इजा हेल्मेटमुळे वाढते असा पुरावा त्यांना मिळाला नाही. उकडते, हे मात्र खरे आहे. एप्रिल-मेमध्ये घाम डोळ्यांत उतरतो. त्यावर आमच्याकडे उपाय नाही. सोसावे लागते, एवढेच सांगू शकतो.

'माझे डोके, माझा प्रश्न' असे म्हणणारे तरुण आम्हाला भेटतात. हा वाद न्यायालयात १९८८ मध्येच संपला आहे. संचारस्वातंत्र्याच्या नावाने हेल्मेटच्या नियमाला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा फेटाळले. ज्याला आज आपण नवी सक्ती म्हणतो ते कलम १२९ सुद्धा १९८८ च्याच कायद्यातले आहे. पण कायदा बाजूला ठेवा. डोक्याला मार लागून अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे डोके त्याच्या एकट्याचे राहते का? त्याला कुशीवर वळवणारी आई, नोकरी सोडून बसलेली बायको, शाळेतून काढलेली मुलगी यांचा प्रश्न कोणाचा?

सर्वांत जास्त चीड येते ती सकाळी शाळांच्या दारात. बाप हेल्मेट घालून, पुढे उभा असलेला मुलगा आणि मागे बसलेली मुलगी उघड्या डोक्याने. पोलिसांसाठी हेल्मेट आणि पोरांसाठी देव, अशी ही वाटणी! चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट कायद्याने बंधनकारक आहे. त्याहून लहान मुलांसाठी केंद्राने २०२२ मध्ये वेगळा नियम केला : मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा, नऊ महिन्यांवरच्या मुलाला त्याच्या मापाचे हेल्मेट, आणि गाडीचा वेग ताशी चाळीसच्या आत. बाजारात मुलांची हेल्मेटे मिळतात. वाढदिवसाला दुसरे काही घेण्याआधी ते घ्या. शाळांनीही गणवेशाच्या यादीत त्याला जागा द्यावी.

पोलिसांनाही चार शब्द. झाडाआड, वळणाआड उभे राहून घोळक्याने गाड्या पकडायच्या आणि दोनशे मीटरवरचा चौक कोंडलेला सोडून द्यायचा, याने लोकांचा विश्वास जातो. राँग साइडने येणारा टँकर सुटतो आणि बिनहेल्मेटचा विद्यार्थी सापडतो, हे लोक पाहतात. पावतीऐवजी 'तोड' निघते, हेही पाहतात. कारवाई रोज, सगळीकडे, सगळ्यांवर सारखी व्हावी. महिनाअखेरीला उमाळा येऊन झालेली कारवाई लोकांना वसुलीच वाटणार. अशी कारवाई करणारे विरोधकांच्या हातात आयते कोलीत देतात.

शेवटी २०१९ च्या कृती समितीतल्या, आणि तिला पाठिंबा दिलेल्या सर्व मंडळींना आमचे जाहीर आवाहन. तुमची संघटना बांधण्याची ताकद आम्ही मानतो. 'आधी रस्ते' ही मागणी तुमची होती. आता ती घेऊन उतरा. तुमच्या भागात खड्ड्याने किंवा सदोष उतारामुळे ज्यांचा जीव गेला त्या घरांना भरपाईचे अर्ज लिहून द्या. कलम १९८-अ खाली ठेकेदारावर कारवाई मागा, आणि आमदारांना पुन्हा एकदा मुख्यमंत्र्यांकडे न्या, या वेळी दंडाची मर्यादा वाढवण्यासाठी आणि रस्त्यांच्या हमीचे फलक लावण्यासाठी. निवेदनांवर आमच्या सह्या घ्या. महापालिकेवर दुचाकींची फेरी काढा. तारीख तुम्ही ठरवा, आम्ही येऊ. हेल्मेट घालून, पट्टा बांधून येऊ.

आपले,
पुण्यातील काही दुचाकीस्वार