वजन आपल्या शेतात, कागद त्यांच्या कपाटात



कापूस एकाधिकाराच्या काळात संकलन केंद्रावर बंडी लावून दोन-दोन रात्री थंडीत काढलेले कास्तकार आजही आपल्या प्रत्येक गावात भेटतात. ग्रेडर काय प्रत लावील ते त्यांच्या हाती नव्हते, चुकारा केव्हा मिळेल तेही नव्हते. पण बंडी काट्यावर चढली की माणूस काट्याजवळ जाऊन उभा राहायचा आणि वजनाची पावती खिशात पडल्याशिवाय बैल जुंपायचा नाही. १९७२ साली सुरू झालेल्या त्या योजनेने आपल्याला पुष्कळ नागवले. तरी पावती मागायची सवय आपण सोडली नव्हती.

आता दर हंगामात आपल्याच शिवारात एक वजन होते, आणि त्याची पावती आपण मागत नाही. त्या वजनाला सरकारी भाषेत पीक कापणी प्रयोग म्हणतात. महसूल मंडळातली गावे काढायची, गावातले गट नंबर काढायचे, शेतात ठरल्या मापाचा तुकडा दोरी आणि खुंट्या लावून आखायचा, तेवढ्यातले पीक कापायचे, मळायचे, तोलायचे. कोणते शेत आणि शेताचा कोणता कोपरा, हे चिठ्ठीसारख्या यादृच्छिक आकड्यांवरून ठरवायचे असते, म्हणजे चांगले किंवा वाईट पीक कुणी हाताने निवडू नये. अशा प्रयोगांच्या सरासरीवरून मंडळाचे उत्पादन ठरते. काम महसूल, ग्रामविकास आणि कृषी या तीन खात्यांच्या माणसांत वाटलेले असते. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे, ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी आणि कृषी सहायकाला सहायक कृषी अधिकारी. नावे मोठी झाली, दप्तर होते तिथेच आहे.

या वजनाची किंमत खरीप २०२५ पासून फार वाढली आहे. त्या हंगामापासून राज्यातला एक रुपयातला पीक विमा बंद झाला. ज्वारीला विमा रकमेच्या २ टक्के आणि कापसाला ५ टक्क्यांपर्यंत हप्ता आपण भरायचा, असे पुन्हा झाले. पैसे वाढले याचे दुःख आहेच. पण त्याच वेळी झालेल्या दुसऱ्या बदलाकडे कमी लोकांचे लक्ष गेले. ढगफुटी, गारपीट, काढणीनंतरचे नुकसान अशा कारणांसाठी आधी जी वेगळी भरपाई होती ती वगळली गेली, आणि सगळा भार पीक कापणीतून निघणाऱ्या आकड्यावर आला. कापसासारख्या काही पिकांत उपग्रहावरून काढलेल्या अंदाजालाही वजन देतात. पण शेतात उभे राहून डोळ्यांनी पाहता येईल असा आकडा हाच एक आहे.

हा आकडा किती नाजूक असतो ते हिशोबाने पाहू. मागच्या सात वर्षांतल्या पाच चांगल्या वर्षांची सरासरी काढतात, तिचा ७० टक्के धरतात, ते उंबरठा उत्पादन. समजा तुमच्या मंडळात कापसाचा उंबरठा हेक्टरी ५०० किलो आहे आणि यंदाचे उत्पादन ४५० किलो निघाले. तूट झाली १० टक्के. विमा रक्कम हेक्टरी ६०,००० धरली तर भरपाई ६,००० रुपये. आता समजा मंडळात १० प्रयोग झाले आणि तुकडा हेक्टरच्या शंभराव्या भागाएवढा होता. त्यांतल्या एकाच तुकड्यात चार किलो कापूस जास्तीचा लिहिला गेला, तर त्या तुकड्याचे उत्पादन हेक्टरी ४०० किलोने फुगते आणि मंडळाची सरासरी ४० किलोने. ४५० चे ४९० झाले. तूट राहिली २ टक्के, भरपाई १,२०० रुपये. चार किलो म्हणजे बाईच्या ओट्यात मावेल एवढा कापूस. तेवढ्याने मंडळातल्या प्रत्येक हेक्टरमागे ४,८०० रुपये गेले. आकडे आम्ही समजण्यासाठी घेतले आहेत, पण हिशोब असाच चालतो.

आणि हा कागद कुणाला दिसतो? विमा कंपनीला दिसतो. तिचा माणूस प्रयोगाला हजर राहू शकतो, आकडा पटला नाही तर कंपनी हरकत घेते, वरच्या समितीपर्यंत जाते, आणि तेवढे दिवस भरपाई लटकते. हप्ता भरणारे आपण, तोललेला माल आपला, शेत आपले. हरकत मात्र एकाच पक्षाला घेता येते, कारण कागद एकाच पक्षाच्या हातात आहे.

आम्ही अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकलो तेव्हा हा प्रयोग स्वतःच्या हाताने केला होता. ज्वारीचा प्रयोग एका दिवसात उरकता येतो. कणसे कापली, झोडपली, उफणली, तोलली. (कणसात पाऊस शिरून दाणा काळा पडला असेल तर वजन तेवढेच भरते आणि भाव अर्धा येतो, हे प्रयोगाला दिसत नाही. तो वेगळा भांडणाचा विषय.) कापसाचे तसे नाही. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत वेचण्या चालतात. तुकड्याच्या खुंट्या तशाच ठेवून प्रत्येक वेचणीचे वजन वेगळे लिहायचे असते. एका वेचणीला साहेब येतील, दुसरीला येतील का, तिसरीला कोण येणार?

आमच्या कार्यकर्त्यांनी एका तालुक्याच्या ठिकाणी हे कागद मागितले. पहिले उत्तर आले, माहिती विमा कंपनीची आहे, गोपनीय आहे. अपील केले तेव्हा पाहू दिले. कापसाच्या काही प्रयोगांत पहिल्या वेचणीचे वजन होते, पुढचे रकाने कोरे होते, आणि शेवटी एकूण उत्पादन मात्र भरलेले होते. कोऱ्या रकान्यांतून बेरीज कशी आली, एवढेच आम्ही विचारले. त्याचे उत्तर अजून मिळायचे आहे. मुद्दाम खोटे लिहिले असे आम्ही म्हणत नाही. एका माणसाकडे चार गावे, त्यात निवडणुकीची कामे, हे आम्हालाही दिसते. पण रकाना कोरा आहे हे कागद पाहिल्याशिवाय कधीच कळले नसते.

कागद मागायचा हा हक्क कुणी साहेबाने दिलेला नाही. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेच्या लोकांनी १९९४ च्या डिसेंबरात कोटकिराना गावात जनसुनवाई घेतली. दुष्काळी कामांचे हजेरीपट आणि बिले सगळ्यांसमोर वाचली, आणि कधी कामावर न गेलेल्यांची नावे त्यांत निघाली. १९९६ मध्ये ब्यावर शहरात त्यांनी ४० दिवस धरणे दिले. मागणी अशी की हिशोबाच्या नकला द्या. ज्यांनी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली आणि मस्टरवर अंगठा दिला त्यांना ही गोष्ट निराळी सांगायला नको. आपल्या राज्यात अण्णा हजारे यांच्या उपोषणांनंतर २००२ चा माहिती अधिकार कायदा अमलात आला, आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून देशाचा कायदा लागू झाला. त्याआधी कागद मागितला की १९२३ चा इंग्रजांचा गुपितांचा कायदा तोंडावर टाकत.

कायदा सोपा आहे. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. दारिद्र्यरेषेखालच्याला तोही नाही. माहिती कशासाठी हवी हे सांगायचे बंधन नाही, विचारले तरी सांगू नका. ३० दिवसांत उत्तर. नक्कल पानाला २ रुपये, आणि ३० दिवस उलटले तर फुकट. कागद दुसऱ्या खात्याकडे असेल तर पाच दिवसांत अर्ज तिकडे पाठवणे हे त्यांचे काम आहे, तुम्हाला हेलपाटे घालायला लावणे हे नव्हे. आपल्या राज्यात २०१२ पासून एक अट आहे: एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर १५० शब्दांत. आपली माणसे अर्जात आजोबांपासूनची हकिकत लिहितात, आणि तो अर्ज तेवढ्याच कारणाने परत येतो.

अडवण्याच्या तऱ्हा आता बदलल्या आहेत. "कंपनीची गोपनीय माहिती" हे उत्तर टिकत नाही. प्रयोग सरकारी माणसाने सरकारी प्रपत्रावर लिहिला, तो कागद कंपनीचा कसा? म्हणून अर्ज कंपनीकडे करू नका, कृषी खात्याकडे करा. दुसरे उत्तर जास्त अवघड आहे: "यात इतर शेतकऱ्यांची वैयक्तिक माहिती आहे." याची मुळे आपल्या शेजारी आहेत. अकोल्याच्या भविष्यनिर्वाह निधी कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याला दिलेल्या नोटिसा आणि त्याच्या मालमत्तेचा तपशील मागणारे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ३ ऑक्टोबर २०१२ ला न्यायालयाने ती वैयक्तिक माहिती ठरवली. तेव्हापासून हा निकाल कार्यालयांच्या टेबलावर कायमचा पडलेला आहे. पुढे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्याने माहिती अधिकाराच्या आठव्या कलमातला तो भाग आणखी आवळला. विधानसभेला नाकारता येत नाही ती माहिती कुणालाही नाकारता येणार नाही, हे वाक्यही त्यात गेले.

तरी दोन वाटा उरल्या आहेत. जनहित मोठे असेल तर माहिती द्यावी, हे कलम कायम आहे. आणि झाकण्याजोगा भाग झाकून बाकीचा कागद द्यावा, हे दहावे कलमही कायम आहे. आपल्याला कुणाचे नाव नको, बँकेचा खाते नंबर नको. वजन हवे आहे. म्हणून अर्जातच लिहून टाका की नावे झाकून दिली तरी चालेल. नकाराचे कारण आपणच आधी काढून घ्यावे.

खालून नकार आला किंवा उत्तरच आले नाही तर ३० दिवसांत पहिले अपील त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे, २० रुपयांचा स्टँप लावून. दुसरे अपील ९० दिवसांत माहिती आयोगाच्या अमरावती खंडपीठाकडे. दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० दंड अधिकाऱ्याला होऊ शकतो. पण त्या दंडावर भिस्त ठेवून बसू नका. २०२४ च्या मध्यास राज्याच्या आयोगाकडे एक लाखावर अपिले आणि तक्रारी पडून होत्या. तिथून कागद हाती येईपर्यंत दोन खरीप निघून जातात.

आमचा आग्रह म्हणून अपिलापेक्षा पाहणीवर आहे. नक्कल मिळण्याची वाट न बघता कार्यालयात जाऊन कागद डोळ्यांनी पाहण्याचा हक्क याच कायद्यात आहे, पहिल्या तासाला फी नाही. राज्य शासनाने २०१८ च्या नोव्हेंबरात परिपत्रकही काढले की जिल्हा पातळीवरच्या आणि खालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना कागद पाहू द्यावेत. सोमवारी तीन जण मिळून जा. एकाने वाचावे, एकाने वहीत उतरवावे, एकाने नुसते बसावे. एकट्या माणसाला उद्या या म्हणणे सोपे असते.

आणि अर्ज हंगाम संपल्यावर करू नका. प्रयोगासाठी निवडलेल्या गावांची आणि गट नंबरांची यादी सप्टेंबरातच मागा. ज्याचे शेत निघाले त्याला निरोप द्या, खुंट्या रोवतानाच त्याने उभे राहावे, सरपंच आणि पोलीस पाटलांना बोलवावे. पैसेवारीचेही तेच. नजर अंदाज ३० सप्टेंबरला, सुधारित ३१ ऑक्टोबरला, अंतिम ३१ डिसेंबरला. आपल्याकडे बहुतेकांना ती वर्तमानपत्रात छापून आल्यावर कळते, आणि मग मोर्चा निघतो. अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी भेंडवळच्या घटमांडणीचे भाकीत ऐकायला घाटावरून आणि घाटाखालून माणसे पहाटे जाऊन बसतात. ते पीक अजून पेरलेलेही नसते. पेरलेले, वाढलेले, कापलेले पीक जिथे तोलले जाते तिथे निम्मी तरी माणसे दिसावीत.

अर्जाचा मजकूर खाली देत आहोत. उतरवून घ्या, मोकळ्या जागी आपले नाव भरा.

"जन माहिती अधिकारी, तालुका कृषी अधिकारी कार्यालय, ______ यांस. विषय: पीक कापणी प्रयोग, खरीप हंगाम ______, महसूल मंडळ ______, पीक कापूस. (१) या मंडळात निवडलेली गावे व गट नंबर यांची यादी. (२) प्रत्येक प्रयोगाच्या भरलेल्या प्रपत्रांच्या साक्षांकित नकला, त्यांत प्रत्येक वेचणीचा दिनांक व वजन. (३) प्रयोगाच्या वेळी हजर असलेल्यांची पदे व विमा कंपनीने घेतलेल्या हरकतींच्या नकला. शेतकऱ्यांची नावे व खाते क्रमांक कलम १० प्रमाणे झाकून दिले तरी चालतील. वरील कागदांची प्रत्यक्ष पाहणीही करायची आहे, दिनांक व वेळ कळवावी. ही माहिती आपल्याकडे नसल्यास कलम ६(३) प्रमाणे अर्ज वर्ग करावा."

दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या, आणि ती प्रत जिल्हा बैठकीला येताना सोबत आणा. कोणत्या मंडळातून अर्ज गेला आणि कोणत्या राहिला, हे तिथे वहीत मांडायचे आहे.